आत्या, तुमची मेथी पोचली होती

आत्या,

काल पहिल्यांदा गच्चीवर गेले. तुमचं सगळं उंब्रजला उरकून आम्ही साताऱ्याला परत आलो त्याला महिने लोटले, तरी मी रोज जिन्यापर्यंत जायची आणि काहीतरी आठवल्यासारखं करून मागं फिरायची. वर गेले तर वाटलं होतं तसंच होतं. आम्ही गावी असताना कधीतरी वीज गेली असणार, पंप बंद पडला आणि पांढऱ्या पाईपांतलं पाणी फिरायचं थांबलं. जमिनीतलं रोप मुळाशी ओल धरून चार दिवस काढतं. नुसत्या पाण्यावर वाढणाऱ्या रोपाला तेवढी सवड नसते. पालक, मेथी, कोथिंबीर, ईश्वरीचं लाडकं लेट्यूस, सगळं पाईपांच्या भोकांतून बाहेर लोंबत वाळून गेलं होतं. एकेक कप उपसून काढताना तुमचं वाक्य कानात आलंच. "तुला सांगत हुते वैशाली, माती ती माती."

बरोबर होतं तुमचं. पण तुम्ही समोर असता तर मी ते आजही कबूल केलं नसतं.

परवा ईश्वरीच्या शाळेतल्या बाई भेटल्या. त्या विदर्भातल्या. मी म्हटलं आत्या गेल्या, तर म्हणाल्या, "कोण? तुमच्या वडिलांची बहीण का?" मी म्हटलं, नाही हो, सासू. आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात. त्या "अच्छा अच्छा" म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला, म्हणजे सासूच ना, असा. मला तिथंच रस्त्यात रडू फुटलं. बिचाऱ्या घाबरल्या.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं की दोन महिने आराम करून उंब्रजला जायचं, असं ठरवून तुम्ही आल्या होत्या. सोबत एक पिशवी आणि अंगावरची धरून तीन लुगडी. हे तेव्हा नुकतेच पलटणीबरोबर वर लडाखला गेले होते. घरात मी, ईश्वरी आणि तुम्ही. मी सकाळी एमआयडीसीत कामाला जायची, संध्याकाळी परत. दिवसभर तुम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून खालच्या रिक्षा मोजायच्या आणि मी आले की म्हणायच्या, "हितं माणूस खालीच उतरत न्हाई गं. कोंबडं तरी बरं."

त्याच पावसाळ्यात माझ्या कंपनीतले एक जण पुण्याला निघाले. त्यांच्या गच्चीवरचा पाईपांचा सांगाडा, टाकी, पंप, हिरवी जाळी असं सगळं त्यांना कुणाला तरी द्यायचं होतं. मी उचलून आणलं. घरमालकांनी गच्ची वापरायला दिली. तुम्ही कठडा धरून, एक पायरी एक श्वास, अशा वर आलात आणि सांगाड्याभोवती एक फेरी मारलीत.

"माती कुठाय?"

"माती लागत नाही आत्या. पाण्यातच खत मिसळायचं. पंप ते पाणी मुळांवरनं फिरवत राहतो."

तुम्ही वाकून भोकातनं आत बघितलंत. मग कमरेवर हात ठेवून म्हणालात, "मंग ह्ये पीक न्हवं. सलाईनवरचा पेशंट हाय ह्यो."

लेट्यूसची पानं पसरायला लागली तेव्हा तुम्ही रोज त्याचा गड्डा चाचपून बघायच्या. "ह्यो कोबी गड्डा का धरीना? काय औषिद कमी पडतंय का?" कोबी नव्हेच तो, पानंच खायची असतात, असं मी सांगितलं तर तुम्ही माझ्याकडं बघितलंत ते अजून डोळ्यासमोर आहे. म्हणजे हिला बाजारात कुणीतरी फसवलंय आणि हिला कळलेलं नाही, असं.

आणि मग तुम्ही टाकीत शेणखत टाकलंत.

मी कामावरून आले तर गच्चीवर वास. पंप घरघरत बंद पडलेला, पाईपांत तपकिरी गाळ, मुळं बुळबुळीत. तुम्ही खालच्या वाण्याच्या ओळखीनं कुठल्या तरी गोठ्यातनं पिशवीभर आणवलं होतं. मी संतापून, तुमच्याकडं न बघता पाईप उपसायला लागले. तुम्हीही माझ्याकडं न बघता म्हणालात, "उपाशी दिसत हुती. दिलं घासभर." दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी उठून वर गेले तर तुम्ही आधीच पाटावर बसून, काठीला फडकं गुंडाळून, एकेक पाईप आतनं घासत होता. ऑपरेशन झालेला पाय समोर सरळ पसरलेला. मी म्हटलं, राहू द्या. तुम्ही म्हणालात, "म्या केलंय, म्याच निस्तरणार." दुपारपर्यंत आपण दोघी घासत बसलो. तुम्ही एकदाही चुकलं म्हणाला नाहीत, मीही म्हणवून घेतलं नाही. मध्येच तुम्ही आटपाडीकडच्या तुमच्या माहेराची गोष्ट काढलीत. दुष्काळात तुमच्या आई हरभऱ्याचा पाला वाळवून मडक्यात भरून ठेवायच्या, मेंढरं घेऊन रानोमाळ गेलेले तुमचे वडील महिन्यांनी परत आले की तोच पाला शेंगदाण्याच्या कुटात शिजवायच्या. लग्न होऊन चौदा वर्षं झाली होती मला, आणि तुमच्या आईचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पुढचं पीक आलं ते एकदमच आलं. मी हौसेनं सगळं एकाच दिवशी लावलं होतं, त्यामुळं तयारही सगळं एकाच आठवड्यात झालं. पालक, मेथी, लेट्यूस, कोथिंबीर. आपण शेजारी वाटलं, खालच्या वाण्याला दिलं, माझ्या ऑफिसात नेलं. उरलेलं मी धुऊन, पिशव्यांत भरून फ्रीजमध्ये कोंबलं आणि चार दिवसांनी त्याचा हिरवा चिखल झाला. तो चिखल बादलीत ओतताना तुम्ही शेजारी उभ्या. म्हणालात, "धुतलंस कशाला? हिला माती कुठं लागलीया? आन् मुळं कशाला तोडलीस?" मग आपण तसं करून पाहिलं. धुवायचं नाही, मुळासकट काढायचं, मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून डबा भरायचा आणि आत एक कोरडं सुती फडकं टाकायचं. लेट्यूस तांब्यात पाणी घालून फुलासारखं ओट्यावर उभं करायचं. पुरवून पुरवून खाता यायला लागलं. तरी येणारं जास्त आणि खाणारी तोंडं तीन.

त्याच दिवसांत ह्यांचा फोन लागला. तिथनं फोन लागणं म्हणजे सणच. तुम्ही नेहमीसारख्या ओरडून बोलत होता, आवाज डोंगर चढून जायचाय म्हणून. "आरं संतोष, हितं भाजी इतकी आलीया का दारात टाकाया लागतीया! तुझी बायकू दोन टायमाला पालक घालतीया!"

ते हसले. "आये, हितं हिरवं म्हंजी आमची गाडी आन् आमची कापडं. बाकी सगळं पांढरं."

"मंग खाता काय रं?"

"डब्यातलं. मिळतंय गं, उपाशी न्हाई आमी. पर पान म्हणून कवा दिसत न्हाई."

फोन कट झाला. तुम्ही तो कानाला तसाच धरून बसलात. मी हात लावून काढून घेतला. जेवताना तुम्ही पालकाला शिवला नाहीत. आणि सकाळी मी डबा भरत होते तेव्हा मागनं आवाज आला, "वैशाली, आजपास्नं काय कुणाला वाटायचं न्हाई. वाळवायचं. माझ्या पोराला पाठवायचं."

दिलीप दिवाळीला सुट्टीवर येणार होता. ह्यांच्याच युनिटमधला, पाटणच्या वरच्या अंगाचा. तो परत जाताना घेऊन जाईल, असं तुम्ही मला न विचारता त्याच्या आईला फोन करून ठरवूनही टाकलंत.

पहिला डाव फसला. भाद्रपदातलं ऊन, मध्येच ढग, हवेत ओल. तुम्ही हरभऱ्याच्या पाल्यासारख्याच पालक-मेथीच्या जुड्या दोरीवर टांगल्या. वरनं कडकडीत वाटल्या म्हणून आपण पिशवीत बांधल्या. आठवड्यानं पिशवी उघडली तर आतनं कुबट वास आला, आणि देठांवर पांढरी बुरशी. तुम्ही ती पिशवी मांडीवर घेऊन बसलात. मला वाटलं, माझ्या पाईपांना शिव्या देणार. तुम्ही एक देठ काढून बोटांत फिरवलात. मग म्हणालात, "माझ्या आयेनं अख्खं गाव जगवलंय वाळल्या भाजीवर. मला एका पोराला धाडता येत न्हाई?"

त्या दिवशी मी तुमच्या शेजारी खाली बसले. याआधी कधी अशी बसले होते का, आठवत नाही. आपण दोघींनी ते देठ मोडून बघितले. बाहेरून वाळलेले आणि आतून ओले. मी म्हटलं, "आत्या, तुमचा हरभरा कोरडवाहू. त्याच्या अंगात पाणीच नसायचं. ही रोपं दिवसरात्र पाण्यात पाय सोडून बसलेली आहेत." तुम्ही मान डोलावलीत. "व्हय. पेलेली हायेत ही. ह्यांची उतरवाया पायजे आदी."

त्यानंतरचा तो महिना! मला वाटतं माझ्या संसारातला तो सगळ्यात दंग्याचा महिना होता. मी कुठं कुठं वाचून यायची, तुम्ही आठवून आठवून सांगायच्या, आणि रोज काहीतरी बिघडायचं. पालक उन्हात काळा पडला. मग तो उकळत्या पाण्यात बुडवून लगेच गार पाण्यात टाकला, पिळून वाळवला, तर रंग राहिला. पुदिना उन्हात ठेवला तर वासच उडाला, तेव्हा तो सावलीत, तुमच्या जुन्या लुगड्यावर, पंख्याखाली. मेथीची पानं देठावरनं खुडून आधी घरात कोमेजू द्यायची, मग गच्चीवर पातळ फडक्याखाली. काढणीच्या आधी टाकीत खत न घालता काही दिवस नुसतं पाणी फिरवायचं, हे मी सुचवलं. तुम्ही म्हणालात, "म्हंजी पोटाला उपास." चेरी टोमॅटो कापून मीठ लावून ताटात पसरले तर चिमण्यांनी निम्मे नेले, आणि तुम्ही हातात काठी घेऊन गच्चीवर बसायला लागलात. ज्या गुडघ्यांना डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलं होतं, ते गुडघे दिवसातनं दोनदा वर जात होते. तपासायला नेलं तर डॉक्टर म्हणाले, "व्यायाम चांगला केलाय तुम्ही." तुम्ही त्यांना म्हणालात, "व्यायाम न्हाई, राखण करतीया."

पुन्हा बुरशी येऊ नये म्हणून वाळलेली मेथी आपण काचेच्या बरणीत भरून, झाकण लावून उन्हात ठेवायचो. काचेला आतून वाफ धरली की पानात पाणी आहे. मग परत पसरायची. पहिल्यांदा ज्या दिवशी काच कोरडी राहिली, त्या दिवशी तुम्ही ईश्वरीला हाक मारून बरणी दाखवलीत. पान दोन बोटांत धरलंत, चुरर्र झालं. "आता ही कुठं बी जाईल," तुम्ही म्हणालात.

दिलीप न्यायला आला तेव्हा तुम्ही त्याला बसवून सूचना दिल्यात. पिशवी ओल्या हातानं उघडायची नाही. आधी कोमट पाण्यात भिजवायची, मग डाळीत टाकायची. एकट्या संतोषला द्यायची नाही, सगळ्यांनी खायची. तो "व्हय काकी, व्हय काकी" करत ऐकत होता. दारातनं जाताना तुम्ही त्याला परत बोलावलंत आणि पुदिन्याची एक पुडी वेगळी दिलीत. "ही तुझी. वाटंत उलटी आली तर हुंगायची."

बऱ्याच दिवसांनी फोन आला. मागं वाऱ्याचा आवाज. "आये, पाण्यात टाकली आन् बघता बघता हिरवी झाली गं! लंगरात, आमच्या सैपाकाच्या तंबूत, सगळी गोळा झाली. आमचा पंजाबी हवालदार म्हणतोय, मां जी को बोलो और भेजो. वास... वास तर..." तुम्ही या वेळी ओरडला नाहीत. एवढ्या हळू आवाजात फोनवर बोलताना मी तुम्हाला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "खा बाळा," एवढंच म्हणालात.

दोन महिन्यांसाठी आलेल्या तुम्ही मग गेलाच नाहीत. पुढच्या दिवाळीलाही आपली मेथी लडाखला गेली. उंब्रजच्या उसाचं दीर बघत होते, घर बघत होते. तुम्ही माझ्या गच्चीला शेती मात्र कधीच म्हटलं नाहीत. "वरचा दवाखाना" म्हणायच्या. "दवाखान्यात जाऊन येते." म्हणून मला तुमच्या दहाव्याला जे कळलं त्यानं मी हलले. उंब्रजच्या कितीतरी बायका मला जवळ घेऊन एकच सांगत होत्या. "तुझी सासू लय सांगायची गं. आमच्या सुनंनं छपरावर मळा केलाय म्हणायची. तशी सून शोधून घावायची न्हाई म्हणायची." मला का नाही सांगितलंत आत्या? एकदा तरी?

आणि आपलं भांडण. ते तसंच राहिलं ना.

यंदा ह्यांची पेन्शनपुरती नोकरी भरली. मी म्हणत होते, आता बास, घरी येऊ दे. तुम्ही म्हणत होता, अजून राहू दे, सुभेदार होऊन येऊ दे. मी तुम्हाला ईश्वरीचं सांगितलं. गेल्या सुट्टीला हे आले तेव्हा तिनं बापाला पाणी दिलं ते पाहुण्याला देतात तसं, ताटलीत पेला ठेवून, "घ्या" म्हणून. तुम्ही तिथंच होता, तुम्ही ते पाहिलंत. "पोरगी बापाला इसरायची न्हाई, हळूहळू शिकंल," म्हणालात. मला लागलं ते.

तुमच्या बाजूला काय होतं ते मला नंतर कळलं. मेथी निवडता निवडता तुम्ही मागंच वारलेल्या मामांचं सांगितलंत. त्यांच्या वडिलांच्या माघारी शेत बघायला कुणी नाही म्हणून मामा पेन्शनच्या आधीच फौजेतली नोकरी सोडून आले. ऊस लावला, घर बांधलं, कशाला कमी पडलं नाही. "पर हायवेनं मिल्ट्रीच्या गाड्या चालल्या का हातातलं टाकून हुबं ऱ्हायाचं," तुम्ही म्हणालात. "शेवटची गाडी दिसंनाशी हुस्तवर. बैल तसंच, औत तसंच. मी भाकरी घिऊन गेलेली आसंन तर मला बी बघायचं न्हाई. आर्ध्यात आलेला माणूस घरात आसून घरात नसतो, वैशाली. मला माझ्या पोराचं तसं नगं."

"पण हे अर्ध्यात नाही येणार आत्या. पेन्शन घेऊनच येणार."

"त्याचं मन भरलंय का, ते तुला ठाव हाय का?"

"आणि माझं?"

तुम्ही निवडलेली मेथी पुढं सरकवलीत आणि उठलात. "परवा बोलू," म्हणालात, "आज तू तापलीयास." ती परवा आली नाही.

संक्रांत होऊन गेली होती. दुपारी खालच्या काकूंचा मला ऑफिसात फोन आला. तुम्ही गच्चीवर फडकं पसरत होता, आणि तिथंच बसलात. मी येईपर्यंत काकूंनी रिक्षातून दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, झटका मोठा होता, त्रास फार झाला नसेल. तुमच्या बोटांना मेथीचा वास होता. मी तो हात धरून बसले. सून म्हणून काय काय करायचं असतं, कुणाकुणाला कळवायचं असतं, ते सगळं मला येत होतं, पण मी हात धरून बसले.

ह्यांना फोन लागेना. युनिटच्या नंबरावर निरोप ठेवला. तिकडून कुणीतरी फार सभ्यपणे बोलले, की वर बर्फ पडतंय, पोस्टशी संपर्क नाही, झाला की लगेच सांगू. उंब्रजला नदीकाठी सगळे वाट बघत थांबले. मग दीर म्हणाले, आता ठेवता येत नाही. त्यांनीच अग्नी दिला. तुम्ही ज्या पोरासाठी एवढं केलंत तो तिथं नव्हता, आणि तो नाही याचा मला कुणावर रागही धरता येत नव्हता. बर्फावर कसा धरणार?

ते आले तेव्हा तुमचं दहावं होऊन गेलं होतं. खाली उतरायला वाट मिळाली नाही, मग मिळाली, मग विमान नाही, असं करत आले. दारात आले तेव्हा ओठ फुटलेले, चेहरा उन्हानं आणि थंडीनं काळा. तुमच्या फोटोसमोर बसले. ईश्वरी ताटली न घेता, नुसता पेला घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसली. त्यांनी पाणी प्यायलं आणि मग मला विचारलं, "कुठल्या दिवशी? दुपारची वेळ?"

मी सांगितलं.

ते मान खाली घालून म्हणाले, "त्या दुपारी माझी पाळी होती सैपाकाला. मी डाळीत मेथी घातली. आयेनं औंदा दिवाळीला धाडलेली, शेवटची राखून ठेवलेली. सगळ्यांना वाढली. आन् त्यांना सांगत हुतो, ही आमच्या आयेनं गच्चीवर केलेली." त्यांनी पेला खाली ठेवला. "ती गेली हुती तवा, वैशाली. मी तिचं कौतुक सांगत हुतो."

मी त्यांना म्हटलं, म्हणजे त्या वेळी आत्यांचं नाव घेणारं कुणीतरी होतं. त्या एकट्या नव्हत्या. मला दुसरं काही सुचलं नाही आत्या. खरं आहे की नाही तेही माहीत नाही. पण ते ऐकून त्यांना रडता आलं. आल्यापासून ते रडले नव्हते.

नंतरच्या एका दुपारी ते म्हणाले, "मी आता पेपर टाकतो. लय झालं."

जे ऐकायला मी वर्षभर भांडत होते, तेच. मी लगेच हो म्हणायला हवं होतं. आणि माझ्या तोंडून तुमचं निघालं. मी म्हटलं, थांबा, आत्यांचं म्हणणं वेगळं होतं, ते ऐकून घ्या. मी त्यांना मामांचं सगळं सांगितलं. औत तसंच टाकून रस्त्याकडं बघत उभं राहायचं, भाकरी घेऊन आलेल्या बायकोकडं न बघायचं, ते सगळं. तुमच्याच शब्दांत सांगितलं, एकही शब्द माझ्या बाजूनं वळवला नाही. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. बापाला, त्यांच्या दादांना, त्यांनी रागीट म्हणूनच ओळखलं होतं. मी विचारलं, "तुमचं मन भरलंय का? त्यांनी मला विचारलं होतं, मला उत्तर देता आलं नाही."

ते म्हणाले, "दादांना येऊ वाटत नव्हतं आन् यावं लागलं. मला येऊ वाटतंय." मग म्हणाले, "आन् तुझं काय? आयेचं सांगितलंस, तुझं सांग की."

मी माझं सांगितलं. ते इथं लिहीत नाही, ते तुम्हाला पाठ आहे.

परत जाऊन त्यांनी अर्ज दिला. काल फोन होता, वरून मंजूर झाला म्हणून. पावसाळा संपायच्या आत घरी येतील. फोन ठेवला आणि पहिला विचार आला, आत्यांना कसं सांगायचं. म्हणून हे सगळं लिहिलं.

तुम्ही हरलात आत्या. तुम्ही असता तर महिनाभर माझ्याशी बोलला नसता. मी वाढलेलं मुकाट्यानं खाल्लं असतं, भिंतीकडं तोंड करून झोपला असता, उंब्रजच्या गाडीची वेळ मला ऐकू जाईल अशी दुसऱ्याला विचारली असती. चाललं असतं मला. महिनाभर काय, वर्षभर चाललं असतं.